नाक घड्याळ बघत नाही

काचेच्या नरसाळ्यावर नाक टेकवून ताई म्हणाल्या, "लोणी."

यंत्राच्या पलीकडे बसलेल्या यंत्रोबाने कळ दाबली. पडद्यावर सरकत चाललेल्या रेघेखाली एक बारीक खूण उमटली.

"आता उकडलेला बटाटा. मंद आहे, पण आहे."

पुन्हा कळ, पुन्हा खूण.

नरसाळ्यातून येणारी हवा कोमट आणि ओलसर होती. बसणाऱ्याचे नाक कोरडे पडू नये म्हणून ती तशीच ठेवतात. ताईंना ती ऊब वरच्या ओठावर जाणवत होती, ओलावाही जाणवत होता. त्यापलीकडे काही नाही. लोणी नव्हते आणि बटाटाही नव्हता. हिवाळ्यात आलेल्या तापाबरोबर त्यांची वासाची जाणीव गेली होती. ताप उतरला, अशक्तपणा गेला, वास मात्र परत आला नाही. हे प्रयोगशाळेत कोणाला ठाऊक नव्हते आणि घरीही नव्हते.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होते. ताई डोळे मिटून वास घेतात असे सगळे समजत. पापण्या मिटलेल्या दिसत खऱ्या, पण पुरत्या मिटलेल्या नसत.

"अळंबी," त्या म्हणाल्या.

यंत्रोबा तिशीचा होता. यंत्रापासून हलत नाही, जेवतानाही त्याच्याकडे पाठ करत नाही, म्हणून प्रयोगशाळेने त्याला हे नाव देऊन टाकले होते, आणि त्यानेही ते आनंदाने घेतले होते. यंत्राचे खरे नाव गॅस क्रोमॅटोग्राफ. पण ते काय करते हे ताईंनी जितके सोपे करून सांगितले होते तितके कोणी सांगितले नसेल. त्यांनी ते आपल्या भाचीला सांगितले होते, धाकट्या भावाच्या मुलीला. घरात गोड कुठेही ठेवले तरी ती वासावर जाऊन पोचायची, म्हणून तिला मुंगी म्हणत.

"समज, शाळा सुटली," ताई तिला म्हणाल्या होत्या. "फाटकात सगळा वर्ग एकदम घुसला. कोण कोण आहे ते कळतं का? नाही कळत. नुसता गोंगाट. अन्नाचा वास तसाच असतो, सगळे एकदम. आता त्या सगळ्यांना एका लांबच लांब बोळात सोडायचं. आमचा बोळ म्हणजे केसासारखी बारीक नळी, वेटोळं घालून ठेवलेली. जो हलका असतो तो पळत सुटतो. जो रेंगाळतो, भिंतीला हात लावत चालतो, तो मागे पडतो. दुसऱ्या टोकाला एकेक जण वेगळा बाहेर येतो."

"आणि तू?"

"त्या टोकाला बोळाला दोन फाटे आहेत. एका फाट्यावर यंत्र बसतं, दुसऱ्या फाट्यावर मी. जो बाहेर येईल त्याला यंत्र मोजतं आणि मी त्याचं नाव सांगते."

"यंत्राला नाव येत नाही?"

"यंत्र डोंगर काढतं. जितका माल जास्त तितका उंच डोंगर. पण काही पोरं असतात किडकिडीत, यंत्राला दिसतसुद्धा नाहीत. आणि आवाज असा, की अख्खी शाळा डोक्यावर घेतील. त्यांना नाकानेच पकडायचं."

मुंगीने थोडा विचार केला होता. "बोळ छोटा केला तर?"

"तर सगळे लवकर बाहेर येतील. रांग तीच राहील."

ती रांग ताईंना पाढ्यासारखी पाठ होती. रोजचे तेच ते पदार्थ, तीच नळी, तोच वेग. कोणत्या नमुन्यात लोणी केव्हा यावे आणि अळंबी केव्हा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. त्या आधारावर त्यांनी हिवाळा काढला होता. डॉक्टर म्हणाले होते, थांबा, येईल. म्हणून त्या थांबल्या होत्या. रोज सकाळी उठल्यावर त्या आधी कॉफीचा डबा उघडून त्यात नाक घालत. मग झाकण लावत आणि कामाला निघत. आज नाही तर उद्या येईल. उद्या येणारच असेल तर आज कशाला कोणाला सांगायचे? पण आजचा नमुना रोजच्यातला नव्हता.

तो तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीचा होता. दोन-तीन ठिकाणांहून तक्रार आली होती, की बाळे बाटली तोंडात घेतात, एक घोट पितात आणि मान फिरवतात. पावडरीत विषारी असे काही नव्हते, ते आधीच तपासून झाले होते. यंत्राला वेगळे काही दिसत नव्हते. चव घेणाऱ्यांत निम्मे म्हणत ठीक आहे, निम्मे म्हणत कसेतरीच लागते. कंपनीने डबे परत मागवायचे की नाही हा प्रश्न फिरत फिरत या खोलीत आला होता, आणि या खोलीतून ताईंच्या नाकापाशी.

"व्हॅनिला," ताई म्हणाल्या. घड्याळाकडे आणखी थोडा वेळ पाहून त्यांनी नरसाळ्यापासून मान मागे घेतली. "संपलं."

"वेगळं काही?"

"नाही. नेहमीचंच."

यंत्रोबाने पडद्याकडे पाहिले, मान खाजवली, पुन्हा पाहिले. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "चला, डोक्यावरचं ओझं उतरलं. आमच्या घरी तोच डबा आहे, ताई."

ताई कागदी रुमालाने नाक पुसत होत्या. "कोणता?"

"हाच. पोरगी चार दिवस बाटली बघितली की तोंड वळवते. बायको म्हणते, पावडरीलाच काहीतरी वास आहे. मी म्हटलं, मला विचारू नकोस, मला अत्तर आणि फिनेल सारखंच. आमच्या ताई बघणार आहेत, त्या काय म्हणतात ते बघू."

ताईंनी रुमालाची घडी घातली. ती उलगडली. पुन्हा घातली.

"बाळाला दात येत असतील," त्या म्हणाल्या.

"तेच म्हटलं मी. पण बायकांना पटतं का? आज सांगतो घरी, निर्धास्त पाज म्हणून."

दार ढकलून मॅडम आत आल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या चालत आल्या की आधी चपलांचा आवाज येई आणि मग प्रश्न.

"काय म्हणतं नाक?"

"ठीक आहे," ताई म्हणाल्या.

"सुटलो. ताईंनी म्हटलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उद्या सकाळी अहवालावर सही करा, दुपारी पाठवून देते."

"मॅडम, एक मिनिट," यंत्रोबा म्हणाला. त्याने पडदा त्यांच्याकडे फिरवला. "खुणा आणि शिखरं जुळत नाहीत."

पडद्यावर एका रेघेत लहानमोठी शिखरे उभी होती. खाली ताईंच्या शब्दांच्या खुणा होत्या. लोण्याचे शिखर येऊन गेले होते आणि लोण्याची खूण त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत पडली होती. बटाट्याचे तेच, अळंबीचेही तेच. प्रत्येक शब्द आपल्या शिखराच्या मागून आला होता, लग्न लागून गेल्यावर मांडवात पोचलेल्या पाहुण्यासारखा. रेघेच्या शेवटी शेवटी तर अंतर आणखी वाढले होते.

"सगळंच उशिरा?" मॅडमनी विचारले.

"सगळंच. म्हणजे बघा, काल नळी मोडली. पहिले काही वेढे कापून टाकावे लागले. आता नळी आखूड झाली म्हटल्यावर यंत्रावर सगळं लवकर येणार, ते बरोबरच आहे. पण मग नरसाळ्यावरही लवकर यायला हवं. ताईंना उशिरा येतंय. याचा अर्थ नरसाळ्याकडे जो फाटा जातो त्यात काहीतरी चुकलंय. गळत असेल कुठं, नाहीतर मध्येच गार पडत असेल. काल मीच जोडला होता."

"नळी कापलीस, आणि मला सांगितलं नाहीस?"

शब्द ताईंच्या तोंडून निघून गेले होते. यंत्रोबाने त्यांच्याकडे नवलाने पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता.

"तुम्हाला काय सांगायचं, ताई? तुमचं नाक काही घड्याळ बघत नाही."

ताईंनी मान खाली घातली आणि पायाशी पडलेला कागदाचा कपटा उचलला.

"दर वेळी यंत्रातच खोट निघते," मॅडम म्हणाल्या. "आता एकदा यंत्रोबालाच दुरुस्तीला पाठवायला हवं. घरी पोरगी झोपू देत नाही हे मला मान्य आहे, पण जोडताना लक्ष नको? मागच्या महिन्यात तेच, आता हेच. सकाळपर्यंत मला गळती शोधून दाखव. निकालाचं म्हणशील तर ताईंचा शब्द झाला, तो काही बदलत नाही."

चपलांचा आवाज दूर गेला. यंत्रोबाचे कान लाल झाले होते. तो खण उघडून नळीचे जोड आवळायचे पाने शोधू लागला.

आता बोलायला हरकत नव्हती. खोलीत दोघेच होते. ताईंनी कोट काढून खुंटीला टांगला, बाही सरळ केली, पर्स खांद्याला लावली.

"फाटा नीट बघून घे," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

घरी भावजय ओट्याशी भाजी चिरत उभी होती. भाऊ अजून आला नव्हता. ताईंनी चपला काढल्या न काढल्या तोच भावजयीने सुरी खाली ठेवली.

"वन्सं, हिला एकदा डॉक्टरकडे न्यावं म्हणते."

"कोणाला? मुंगीला? काय झालं?"

"आज शाळेत बाईंना सांगून आली, मला वास येत नाही म्हणून. बाईंनी मला गाठून विचारलं. मी घरी येऊन फुलं धरली नाकाशी तर म्हणते, येतो वाटतं, पण खरा की खोटा कळत नाही. आता वासात खरं-खोटं काय असतं, सांगा बरं. मला काही सुचेना. तुम्ही विचारा, तुमचं ऐकते ती."

"कधीपासून?"

"मला काय ठाऊक? तुमचा तो बाटल्यांचा खेळ काढू या म्हटलं की तिचं पोट दुखतं, एवढं मात्र बरेच दिवस बघतेय मी."

ताई दारातच उभ्या राहिल्या. आपला ताप घरात तर राहिला नाही ना, हा पहिला विचार. आपल्यामुळे हिला झाले, हा दुसरा. हातपाय धुवायचेही न सुचता त्या आतल्या खोलीत गेल्या.

मुंगी पलंगावर पालथी पडून चित्राचे पुस्तक बघत होती. पान उलटत नव्हते.

"मुंगे, बाटल्या काढू या?"

"माझं पोट दुखतंय."

"असू दे. पोटाने कुठं वास घ्यायचाय? तू डोळे मीट नुसते. नाव नाही सांगायचं. काही आलं की बोट वर, गेलं की खाली. अगदी पहिल्या दिवशी खेळलो होतो तसं."

मुंगी उठून बसली. नाही म्हणायचे होते, पण आत्याला नाही म्हणायची सवय नव्हती. ताईंनी कपाटावरून पुठ्ठ्याचे खोके काढले. आत औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या. ताईंनी स्वतः धुऊन, वाळवून भरलेल्या. कॉफी, पुदिना, साबणाचे पाणी, पेन्सिलीची सालपटे, लिंबाचा अर्क. प्रत्येकीवर मुंगीने चित्र काढून चिकटवले होते.

कॉफीची बाटली नाकाखाली येताच बोट वर गेले. पुदिन्याला वर. साबणाला वर, आणि नाकाला सुरकुती. पेन्सिलीच्या सालपटांना थोडे उशिरा, पण वर. ताईंनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनी लिंबाची बाटली उघडून धरली.

बोट खालीच राहिले.

ताईंनी बाटली जरा हलवली. मुंगीचे डोळे गच्च मिटलेले होते. बोट थोडे वर आले, थांबले, आणि खाली गेले. मग मिटल्या डोळ्यांतून पाणी आले.

"हीच ना? लिंबाची?" मुंगी म्हणाली. "मला हिचाच येत नाही. त्या दिवशी पण नव्हता आला."

"कोणत्या दिवशी?"

"तू ताप गेल्यावर खेळलीस ना पहिल्यांदा, तेव्हा. तू हुंगलीस आणि म्हणालीस, वा, किती ताजा आहे लिंबू. मग मला दिलीस. मला काहीच नाही आलं. मी तरी हो म्हटलं."

ताईंना तो दिवस आठवला. बाटलीवर पिवळे चित्र होते. त्यांनी ते पाहिले होते आणि वा म्हटले होते.

"खोटंच हो म्हटलंस? का गं?"

मुंगी फ्रॉकच्या कडेचा दोरा ओढत राहिली. "तू रागावशील."

"नाही रागावणार."

"तुला ताप होता ना, तेव्हा मी एकटीच खेळत होते. ती बाटली सांडली. सगळी. मग मी तिच्यात नळाचं पाणी भरलं. मला वाटलं, तू हुंगशील आणि पकडशील मला. मी तर सॉरी पण म्हणणार होते." तिने हाताच्या पाठीने नाक पुसले. "पण तू म्हणालीस लिंबू. मग मला वाटलं, वास सांडत नसेल. आत चिकटून राहत असेल. मोठ्यांना येत असेल आणि मलाच येत नसेल. म्हणून मग मी कुठलाही वास आला की विचार करते, की हा खरा आहे का मला नुसतं वाटतंय."

ताईंनी बाटली तिरकी करून एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. साधे पाणी होते, नळाचे. जिभेवर त्याला जितकी चव असायची तितकीच होती.

ओट्याकडून फोडणीचा आवाज आला. भावजय खोकली. म्हणजे घरभर काहीतरी पसरले असणार. ताईंनी बाटलीचे झाकण लावले. ते नीट बसले नाही, तेव्हा काढून पुन्हा लावले.

"मुंगे, तुझं नाक ठणठणीत आहे. पाण्याला वास नसतो. तुला आला नाही, तेच बरोबर होतं."

"मग तुला कसा आला?"

"मला नाही आला."

मुंगी बघत राहिली.

"मला कशाचाच येत नाही. तापापासून. मी चित्र बघून म्हणाले."

मुंगी रडायची थांबली होती. तिने कॉफीची बाटली उघडून स्वतः हुंगली, मग ताईंच्या नाकाखाली धरली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. डॉक्टर पाहतात तसे. ताईंनी मान हलवली. मुंगीने बाटली बंद करून ठेवली.

"मग तू ऑफिसात काय करतेस?" तिने विचारले.

तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. ताईंनी आजवर तिचा एकही प्रश्न टाळला नव्हता. त्या बराच वेळ बाटल्या खोक्यात लावत बसल्या. लावून झाल्या तरी उठल्या नाहीत.

जेवायला बसल्यावर भावजय म्हणाली, "काय निघालं मग? न्यायचं का डॉक्टरकडे?"

"हिला नको," ताई म्हणाल्या. "मला ने."

सकाळी ताई पोचल्या तेव्हा प्रयोगशाळेत फक्त यंत्रोबा होता. त्याने टेबलावर पांढरे फडके पसरले होते आणि नरसाळ्याकडे जाणारा सबंध फाटा त्याच्यावर सुटा करून मांडला होता. जोड, चकत्या, नळीचे तुकडे, सगळे ओळीने. डोळे तांबारलेले होते.

"सापडत नाही, ताई. एकेक जोड तपासला. तापमानही बघितलं. कुठंच काही नाही. मॅडमना सांगून टाकतो, मलाच जमत नाही म्हणून. काय करतील, दुसऱ्या विभागात टाकतील."

"गळती नाहीये."

"मग उशीर कशाने होतोय?"

"मी काल जुन्या नळीचे वास सांगितले," ताई म्हणाल्या.

यंत्रोबाच्या हातात पाना होता. वाक्य त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. त्याने ताईंकडे पाहिले, मग नरसाळ्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे, मग खुर्चीच्या रोखाने समोरच्या भिंतीकडे. घड्याळावर त्याची नजर थांबली आणि तिथून ती परत ताईंकडे आली नाही.

"हिवाळ्यापासून," ताई म्हणाल्या. "काहीही येत नाही."

"आणि मधले सगळे नमुने?"

"ते सगळे पुन्हा करावे लागतील."

तो रागावला असता तर ताईंना सोपे गेले असते. त्याने पाना फडक्यावर ठेवला, मग उचलला, आणि फाटा जोडायला घेतला. ताईंनी एकेक तुकडा त्याच्या हातात दिला. जोडून झाल्यावर तो सवयीने यंत्राकडे वळला, तेव्हा ताईंनी त्याला खांद्याला धरून थांबवले.

"तिकडे मी बसते. तू नरसाळ्यापाशी बस."

"मी? ताई, मला खरंच अत्तर आणि फिनेल—"

"नाव कोण विचारतंय तुला? डोळे मीट. काही आलं की बोट वर कर. गेलं की खाली."

नमुना कालचाच होता. यंत्राने आपला बारीक घरघराट सुरू केला. यंत्रोबा नरसाळ्यावर नाक टेकवून बसला. पाठ ताठ, बोट गुडघ्यावर, पहिल्या दिवशी शाळेत बसवलेल्या मुलासारखा. ताई पडद्याकडे बघत होत्या. रेघ सरकत होती. पहिले शिखर उठू लागले आणि त्याच वेळी बोट वर आले. शिखर उतरले, बोट उतरले. दुसऱ्याला तसेच. तिसऱ्याला तसेच. कुठेही उशीर नव्हता.

अळंबीच्या जरा आधी रेघ सपाट झाली. सुतासारखी सरळ रेघ, कणभरही चढउतार नाही.

यंत्रोबाचे बोट वर आले.

ताईंनी पडदा नीट पाहिला. काहीच नव्हते. त्यांनी बोटाकडे पाहिले. ते वरच होते, आणि यंत्रोबाच्या कपाळाला आठी पडली होती.

"काय आहे?" त्यांनी हळूच विचारले.

"नाव नाही येत."

"नाव नको. आधी कुठं भेटला होता तो आठव."

बोट खाली आले. यंत्रोबाने डोळे उघडले, पण मान नरसाळ्यावरून उचलली नाही.

"नळाला तोंड लावून पाणी पितो ना आपण, गंजक्या नळाला... तसा. लोखंडासारखा." तो थांबला. "घरी भेटला होता. डबा उघडला की येतो. बायको हेच म्हणत होती. काल मीच तिला म्हटलं, ताईंनी बघितलंय, तू पाज."

यंत्र घरघरत राहिले. अळंबीचे शिखर उठले आणि गेले, कोणी कळ दाबली नाही.

"आधी घरी फोन कर," ताई म्हणाल्या.

तो उठला. दारापर्यंत चालत गेला आणि तिथून धावला. व्हरांड्यात त्याचा आवाज ऐकू आला, "ऐक, ती बाटली..." आणि मग पुढचे शब्द लांब गेले.

नरसाळ्यासमोरची खुर्ची रिकामी होती. कोमट, ओलसर हवा त्यातून कोणासाठीच नसल्यासारखी येत होती. पडद्यावर शेवटचे शिखर चढू लागले. ताईंना त्याचे नाव ठाऊक होते. त्यांनी ते उच्चारले नाही. रेघ खाली येऊन सपाट होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

चपलांचा आवाज जवळ आला. दार उघडले.

"काय म्हणतं नाक?" मॅडमनी विचारले.

ताई उठल्या आणि त्यांनी रिकामी खुर्ची मॅडमसाठी ओढली.

"बसा जरा," त्या म्हणाल्या.